दोन आवृत्त्या आणि एक ‘अनलेस’

वॉटर्लूच्या लढाईवरच्या त्या पटावरच्या खेळाची पहिली आवृत्ती चांगली की दुसरी, असं मला कोणी विचारलं तर मी पहिली म्हणतो. भोकरदनमध्ये हे विचारू शकेल असा माणूस एकच होता, तरी सांगायला माझं तोंड कायम तयार. नकाशाचा कागद सांगतो, सोंगट्यांची जाडी सांगतो, रंग सांगतो. दुसरी आवृत्ती मला का नको वाटते याचं खरं कारण मात्र मी बरीच वर्षं लपवलं. ते कारण खेळात नव्हतंच. माझ्यात होतं, आणि त्यापायी एका भल्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा मी घालवला.

मी मूळचा हसनाबादचा, शेतकऱ्याच्या घरातला. ऐंशी साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांत भोकरदनच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो. खोली मिळाली ती पेठेतल्या एका कापडदुकानाच्या मागं. दुकानाचे मालक माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. घराणं मारवाडी, पण पणजोबा इथं आलेले, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. मी त्यांना शेठ म्हणायचो, ते मला सर. बुद्धिबळात त्यांना हरवणारा माणूस पेठेत नव्हता. गिऱ्हाइकापुढं लुगडी उलगडता उलगडता बाजूच्या पटावर हात घालायचे आणि समोरच्याचा वजीर उचलायचे. मी त्यांच्याशी पाच-सहा वेळा खेळलो आणि मुकाट्यानं नाद सोडला.

एकदा ते माल आणायला मुंबईला गेल्ते. येताना तिथल्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून एक चपटं खोकं घेऊन आले. वर घोडेस्वारांचं चित्र. आत एक घडीचा नकाशा, पुठ्ठ्याच्या ढीगभर चौकोनी सोंगट्या, एक फासा आणि आठ पानांचं इंग्रजी पुस्तक. शेठ सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना कापडाच्या गाठीवरच्या शिक्क्यापुरती ओळखीची.

“बुद्धिबळाचा मोठा भाऊ दिसून राह्यला,” ते म्हणाले. “सर, तुम्ही इंग्रजी लावा, मी डोकं लावतो. सगळे नियम मराठीत लिहून द्या.”

मी शंभर पानी वही घेतली. ते काम मी मन लावून केलं, माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. नकाशावर सहा कोनांची घरं होती. त्यांना मी ‘वावर’ लिहिलं, कारण सहा बांधांचं वावर मला लगेच डोळ्यांपुढं आलं. एका वावरात दोन सोंगट्या एकमेकींवर ठेवता येतात, त्याला शेठ ‘थप्पी’ म्हणाले. दोन्ही बाजूंची एकेक पाळी झाली की तो एक ‘डाव’. शत्रूच्या तुकडीला लागून असलेल्या वावरात पाऊल टाकलं की थांबावंच लागतं, पुढं पळता येत नाही. त्याला इंग्रजीत तीन शब्दांचं लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला ‘धाक’ म्हणालो. माझ्या मते तो शब्द मूळ नावापेक्षा सरस आहे.

पुस्तकाचा शेवटचा भाग मी सहामाही परीक्षेच्या पर्यवेक्षणात उरकला. पोरं पेपर लिहून राह्यली होती, मी टेबलावर वही उघडून बसलो होतो. इंग्रजांच्या मदतीला येणाऱ्या प्रशियन फौजेचा नियम पानाच्या अगदी तळाशी होता. चौथ्या डावाला प्रशियन फौज पूर्वेच्या रस्त्यानं नकाशावर येते. एवढं लिहून झालं आणि घंटा वाजली. पेपर गोळा केले. दुसऱ्या दिवशी मी नवीन मथळ्यापासून सुरुवात केली. मधला पूर्णविराम माझा.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. गादीवर नकाशा अंथरायचा, चार कोपऱ्यांवर कात्री, खडू, कुलूप, पानाचा डबा. सोंगट्या बटणांच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेल्या. तोफेचा मारा कुठवर जातो ते शेठ कापड मोजायच्या लोखंडी मीटरनं बघायचे. निळी फ्रेंच फौज कायम त्यांची. “नेपोलियन आपला. बाकीचे सगळे नोकरदार,” असं म्हणून माझ्याकडं बघून हसायचे. मी इंग्रज आणि प्रशियन.

खेळ दर वेळी एकाच वळणानं जायचा. तिसऱ्या डावापर्यंत शेठ मला टेकीला आणायचे. चौथ्या डावाला माझे प्रशियन पूर्वेकडून यायचे आणि शेठची फौज दोन्हीकडून चेपली जायची. दोन वर्षं मी एकदाही हरलो नाही. बुद्धिबळात ज्यानं मला घामाघूम केलं, तो पेठेतला हुशार माणूस माझ्यापुढं डोकं खाजवत बसायचा, याचं मला भारी सुख वाटायचं. शेतकऱ्याचा पोरगा, नवी नोकरी, दुसऱ्याच्या खोलीत राहणारा. मला कुठंतरी जिंकायचंच होतं.

मंग एका रविवारी शेठनी तिसऱ्या डावाला लढाई सोडून घोडदळाची एक तुकडी भलतीकडंच हाणली. नकाशाच्या पूर्वेच्या काठाला, रस्त्याच्या पहिल्याच वावरात नेऊन ठेवली.

“हे काय?” मी विचारलं.

“रस्ताच अडवला. आता तुमचे ते प्रशियन येतील कुठून?”

या चालीला माझ्याकडं तोड नव्हती. मी वही उचलली आणि तो नियम मोठ्यानं वाचला. चौथ्या डावाला प्रशियन फौज येते. बस. मंग मी त्यांची घोडदळाची सोंगटी दोन बोटांनी उचलली आणि बाजूच्या वावरात ठेवली. वर म्हणालो, “शेठ, हे बुद्धिबळ न्हाई. इथं नियम वाचावे लागतात.”

ते थोडे ओशाळले. “बरं बरं. तुम्ही वाचलंय,” म्हणाले, आणि तो खेळ हरले.

संध्याकाळी खोलीवर आलो आणि का कोण जाणे, मूळ पुस्तक काढलं. पानाच्या तळाशी माझा पूर्णविराम नव्हता, स्वल्पविराम होता. पान उलटलं. वरच पहिला शब्द ‘अनलेस’. रस्त्याच्या पहिल्या वावरात फ्रेंच तुकडी उभी नसेल तरच प्रशियन येतात. उभी असेल तर बाहेर थांबायचं आणि दर डावाला फासा टाकून सहा पडायची वाट बघायची. म्हणजे शेठनी जी चाल डोक्यानं शोधून काढली, ती खेळात होतीच. बहुतेक तीच खेळाची किल्ली होती.

पोरांना मी दरवर्षी फळ्यावर ‘अनलेस’ची वाक्यं लिहून द्यायचो. ते चुकलं की अर्धा मार्क कापायचो.

पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. पुढच्या रविवारी ते खुशीत होते, तेव्हा सांगून विरस कशाला म्हणून राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी जिंकत होतो. मंग ते राहूनच गेलं. राहून गेलं म्हणतो, पण असलं काही आपोआप राहत नसतं. मी राहू दिलं.

त्या दिवसानंतर शेठ बदलले. मला ते तेव्हा दिसलं, आणि आवडलं, ही सगळ्यात वाईट गोष्ट. पूर्वी ते चाल करून मोकळे व्हायचे. आता सोंगटी हातात धरून विचारायचे, “सर, असं चालतं का?” मी वही बघितल्यासारखं करायचो आणि हो किंवा न्हाई म्हणायचो. हळूहळू ते वहीत लिहिलेल्या सरळ चालीच खेळायला लागले. पेठेतलं बुद्धिबळही कमी झालं. कोणी पट मांडला तर म्हणायचे, तुम्ही खेळा, मी बघतो. कामाचा व्याप वाढलाय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसरी आवृत्ती आली ती नव्वदनंतर तीन-चार वर्षांनी. शेठनी ती पुन्हा मुंबईहूनच आणली, तेही शोधून, चार दुकानं हिंडून. तोवर माझं लग्न झालं होतं, मी पेठेतली खोली सोडली होती, पण रविवार चालू होता. खोकं माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा असा होता की ते माझे विद्यार्थी वाटावेत. म्हणाले, “नवी आवृत्ती हाय. काय काय बदललं ते बराबर लिहून काढा. घाई न्हाई.”

मी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडं जुनी, उजवीकडं नवी. जुना नकाशा मातकट रंगाचा, बोटाला खरखरीत लागणारा. नवा गुळगुळीत, ट्यूबलाइट त्यात चमकायची आणि डोंगर कुठला, झाडी कुठली कळायचं न्हाई. जुन्या सोंगट्या जाड. नव्या इतक्या पातळ की पंखा लावला की इंग्रजांची अख्खी डावी बाजू उडून गादीखाली. आकडे मात्र नव्यात मोठे, चाळिशीच्या डोळ्यांना बरे. नेपोलियनच्या खास पलटणीची ताकद एकानं घटवलेली, ते शेठना मुळीच पटलं न्हाई. एक ओढा जुन्या नकाशात गावाच्या अलीकडून जायचा, नव्यात पलीकडून. लढाईच्या कोष्टकात ‘खलास’ कमी झालं होतं आणि ‘माघार’ वाढली होती. आठ पानांच्या पुस्तकाची चोवीस पानं झाली होती, आणि नियमांना कोर्टाच्या कागदासारखे आकडे दिलेले.

प्रशियन फौजेच्या नियमापाशी आलो आणि हात थांबला. नियम तोच होता. शब्द थोडे निराळे, ‘अनलेस’ तिथंच. पण आता खाली चित्र छापलं होतं. रस्ता, काठावरचं वावर, आणि त्या वावरात फ्रेंच घोडदळाची निळी सोंगटी. ते समजायला इंग्रजी लागत नव्हतं. शेठ पुस्तक चाळतील आणि त्यांना त्यांचीच चाल दिसेल, हे मला पक्कं कळलं.

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मी रविवारी गेलो, ते पान उघडलं आणि म्हणालो, “शेठ, एक मोठा बदल हाय. आता रस्ता अडवता येतो.”

त्यांनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. “म्हंजी मी त्या वेळी केल्तं तेच की.”

“तेच. जुन्या आवृत्तीत कंपनीचं चुकल्तं. आता दुरुस्त केलं त्यांनी.”

इतकं सफाईनं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. आवृत्ती हा शब्द मला आयताच सापडला. नवी आवृत्ती म्हटलं की जुनी चुकलेली असणार, हे कोणालाही पटतं.

त्या दिवशी शेठनी रस्ता अडवला. मला चार डाव सहा पडलाच न्हाई. आठव्या डावाला माझे इंग्रज संपले. शेठनी माणूस पाठवून पेढे आणवले, शेजारच्या चार दुकानांत वाटले, आणि प्रत्येकाला सांगितलं की कंपनीची चूक होती, आपली न्हाई. ‘आपली न्हाई’ हे ते दोनदा म्हणायचे. माझ्या हातात त्यांनी दोन पेढे ठेवले. मी ते खाल्ले.

इथं संपलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण पुढच्या रविवारी शेठ कागद घेऊन बसलेले. “सर, कंपनीला इंग्रजीत पत्र लिहा. भांडायचं न्हाई. फक्त कळवा, की तुमच्या चुकीपायी एक माणूस इतकी वर्षं हरून राह्यला. जुनं खोकं अजून कोणाकोणाकडं असंल. त्यांना बिचाऱ्यांना कळू द्या.”

पत्र मी लिहिलं, त्यांच्यासमोर. उत्तरासाठी पत्ता शाळेचा दिला. पोस्टात काही टाकलं न्हाई. ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिलं, आणि शेठ दर रविवारी विचारायचे, “काही आलं का?” पहिले दोन महिने उत्सुकतेनं, मंग जरा दबक्या आवाजात. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकदा म्हणाले, “आपल्यासारख्याला कोण उत्तर देतंय म्हणा.”

ते मला सहन झालं न्हाई. आणि मी काय केलं, तर खरं सांगायचं सोडून उत्तर तयार केलं. शाळा सुटल्यावर कार्यालयातल्या टाइपरायटरवर बसलो आणि परदेशी कंपनीच्या वतीनं स्वतःच्या चुकीची माफी मागितली. ‘युवर गुड सेल्फ’ला झालेल्या तसदीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, वगैरे. खाली लफ्फेदार सही. पाकिटाचं काय, तर तिकीट एका विद्यार्थ्यानं मागितलं म्हणून पाकीटच देऊन टाकलं, असं सांगितलं.

शेठनी ते पत्र दोन्ही हातांनी घेतलं. आठवड्याच्या आत ते काचेच्या चौकटीत गेलं आणि गादीच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीच्या शेजारी लागलं. गिऱ्हाईक बसलं की ते वर बोट दाखवायचे. “कंपनीनं चूक कबूल केली. अन् कळवलं कोणी, तर आपल्या सरांनी.” मी त्या भिंतीकडं पाठ करून बसायला लागलो. नेपोलियनकडून बसायचं निमित्त केलं, जागा बदलून घेतली. शेठ म्हणाले, काय सर, आता तुम्हालाही नेपोलियन व्हायची हौस आली वाटतं. यालाही आठ-नऊ वर्षं गेली.

शेठची मुलगी माझीच विद्यार्थिनी. दहावीला इंग्रजी माझ्याकडंच होतं. औरंगाबादला कॉलेज करून ती तिथंच नोकरीला लागली. एका सुट्टीत ती आली तेव्हा शेठनी तिला सांगितलं की आता इंटरनेट आलंय, तर त्या कंपनीला आपल्याकडून आभाराचं पत्र पाठव, तेव्हा राहून गेल्तं.

पंधरा दिवसांनी ती माझ्या घरी आली. एकटीच. पाणी घेतलं, आणि पर्समधून इंटरनेटवरून छापून घेतलेले दोन कागद काढून माझ्यापुढं ठेवले. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं त्या खेळाच्या दोन्ही आवृत्त्या ओळीनं ताडून पाहिल्या होत्या. माझ्या वहीसारखंच, मधोमध रेघ मारून. ओढा होता, खास पलटणीची ताकद होती, कोष्टक होतं. प्रशियन फौजेपुढं लिहिलं होतं, बदल नाही.

मी कागद वाचून झाल्यावरही वाचत असल्यासारखा बसलो.

“आणि सर,” ती म्हणाली, “युवर गुड सेल्फ तिकडचे लोक लिहीत नाहीत. ते आम्हाला तुम्ही शिकवलेलं. अर्जात लिहायला.”

ती उठली. “बाबांना मी काही बोललेले नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण मला त्यांनी रोज फोन करून विचारलंय, पत्र पोचलं का.”

रविवारपर्यंत मी थांबलो न्हाई. दुसऱ्या दिवशी शाळेतून सरळ दुकानात गेलो. शेठ गादीवर एकटेच होते. मी वही आणि जुनं पुस्तक दोन्ही नेलं होतं. बसलो आणि सगळं सांगितलं. घंटा, पूर्णविराम, ती संध्याकाळ, टाइपरायटर. एकदा सुरू झाल्यावर मधे थांबलो न्हाई, कारण थांबलो असतो तर उठून गेलो असतो.

शेठ ऐकत राहिले. पत्राचं ऐकून त्यांनी वर भिंतीकडं एकदा बघितलं. मला वाटलं, आता चिडतील. मला ते चिडायला हवे होते.

“पत्राचं मला काही न्हाई,” ते म्हणाले. “लोकं हसतील, हसू द्या. पण सर, त्या दिवशी मी घोडदळ रस्त्यावर ठेवल्तं. तुम्ही उचलून बाजूला केल्तं. मी घरी गेलो अन् बायकोला म्हणालो, आपलं डोकं फक्त पेठेपुरतं हाय. शिकलेल्या माणसापुढं चालवायचं न्हाई. मंग मी चालवलंच न्हाई. तुम्हाला दिसत नव्हतं का?”

“दिसत होतं,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मंग पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. “तो शब्द कुठाय, दाखवा.” मी पान उलटून दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, एकेक अक्षर लावलं, आणि मोठ्यानं वाचलं, “अन-लेस.” मला अर्थ विचारला. मी सांगितला. वहीत माझ्या पूर्णविरामापुढं तो त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला, आणि वाचून दाखवायला लावला. मंग चहा सांगितला.

चौकट त्याच संध्याकाळी उतरली. तिथं भिंतीवर जरा पांढरा चौकोन राहिला होता, पुढं रंग दिला तेव्हा गेला. खेळ आम्ही अजून खेळतो, आणि पहिल्याच आवृत्तीचा. शेठनी मला त्यात बऱ्याचदा हरवलंय. चाल करायच्या आधी ते आता मला काही विचारत न्हाईत.

बोलणंही पूर्वीसारखंच आहे. फक्त मी काहीही सांगितलं, जालन्याची बस साडेपाचची हाय म्हणालो, किंवा अमुक डॉक्टर चांगला हाय म्हणालो, की शेठ मापाचा मीटर खाली ठेवतात आणि हसून विचारतात, “सर, याच्यात अनलेस न्हाई ना काही?” गिऱ्हाइकांना वाटतं, शेठना सरांच्या संगतीनं इंग्रजी यायला लागलं. मी न्हाई म्हणतो. मंग ते शेजारच्या दुकानदाराला बसची वेळ विचारतात.